खिशातला निखारा

तालुक्याच्या गावी इलेक्ट्रिकचे दुकान चालवणाऱ्या एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांचा पुतण्या इंग्लंडात लेस्टरला शिकायला आहे. इथे असताना तो सिगारेट ओढत असे. तिकडे गेल्यावर ती सोडली आणि इलेक्ट्रॉनिक सिगारेट, म्हणजे मुले जिला ‘वेप’ म्हणतात, ती सुरू केली. त्याच्या यंत्रात अंगठ्याएवढा जाड सेल बसतो. तिकडे असा सेल महाग पडतो, म्हणून त्याने काकांना फोन केला : गावचे एक कुटुंब इकडे येणार आहे, त्यांच्याबरोबर दुकानातले टॉर्चचे चार सेल पाठवून द्या. काकांनी सेल काढून ठेवले. त्यांवर ‘९९०० एमएएच’ असे ठळक छापलेले आहे आणि तिकडच्या सेलवर म्हणे जेमतेम तीन हजार असतात. म्हणजे आपला माल तिप्पट सरस! पण पाठवण्याआधी काकांना शंका आली. ते विचारतात, ‘‘डॉक्टर, हे सेल त्या यंत्रात चालतील ना? आणि त्यापासून प्रकृतीला काही अपाय?’’

उत्तर आधी देतो, कारणे मागाहून सांगतो. काका, हे सेल पाठवू नका. त्या यंत्रात ते चालवण्याजोगे नाहीत. शिवाय विमानाच्या पोटात जाणाऱ्या मोठ्या बॅगेत सुटे लिथियम सेल घालायला मनाई आहे; ते फक्त हातातल्या बॅगेत, टोके झाकून नेता येतात. त्या बिचाऱ्या कुटुंबाला विमानतळावर बॅग उघडायला लावण्याचे पाप आपल्या माथी कशाला घ्यावे?

नाडी बघणाऱ्या माणसाने बॅटरीच्या भानगडीत का पडावे, असे काही वाचकांना वाटेल. परंतु बॅटरी फुटली की कारागिराला कोणी बोलावत नाही, भाजलेल्या माणसाला घेऊन दवाखान्यात येतात. शिवाय पुतण्याचा प्रश्न एकट्याचा नाही. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी मुले आज इंग्लंड-अमेरिकेत आणि आखातात आहेत, आणि सुटीला घरी येताना बरोबर काय आणतात हे आईवडिलांना ठाऊक असतेच असे नाही.

या यंत्राबद्दलचे माझे मत आधीच सांगून टाकतो. आपल्या देशात त्याचे उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात या साऱ्याला बंदी आहे. १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा कायदा झाला. विक्री-आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास तीन वर्षे आणि पाच लाख. या बंदीच्या मी बाजूचा आहे. ज्या पोराने कधी विडीला हात लावला नाही, त्याला आंब्या-पुदिन्याच्या वासाने निकोटीनच्या नादी लावणारी वस्तू गल्लीतल्या टपरीवर नको. आपल्याकडे मिश्री आणि गुटख्याने आधीच पुरेसा उच्छाद मांडला आहे. इंग्लंडात मात्र तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेचे धोरण वेगळे आहे. जळणाऱ्या तंबाखूपेक्षा हे कमी घातक, म्हणून सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढाने ते वापरायला त्यांची हरकत नाही. हा वाद मोठा आहे आणि आज त्यात शिरत नाही. पुतण्या तिकडे आहे, तिकडे ते कायदेशीर आहे आणि त्याने सिगारेट सोडली आहे. अशा मुलाला ‘आधी ते फेकून दे, मग बोल’ म्हटले तर तो बोलणे तेवढे बंद करील.

आता ते यंत्र काय आहे ते पाहू. चिनी औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ साली त्याचे आजचे रूप शोधले. एक बॅटरी, तारेचे एक छोटे वेटोळे, त्याला लागून कापूस, आणि कापसात भिनलेला द्रव. बॅटरीने वेटोळे तापते, द्रवाची वाफ होते, ती ओढायची. आपल्या पाणी तापवायच्या कॉइलचेच हे धाकटे भावंड म्हणा. फरक इतकाच की पाण्याची कॉइल भिंतीतल्या प्लगला जोडतात आणि मध्ये फ्यूज असतो. इथे सारी वीज तोंडापासून चार बोटांवर असलेल्या एका सेलमधून येते.

तो सेल लिथियम आयन जातीचा असतो. १९९१ साली सोनी कंपनीने तो प्रथम बाजारात आणला. मोबाईल, लॅपटॉप, विजेवरची स्कूटर हे सगळे त्याच्याच जिवावर चालते, आणि त्याच्या जनकांपैकी तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे वस्तू वाईट नव्हे. पण तिच्यात थोड्या जागेत पुष्कळ ऊर्जा कोंबलेली असते आणि आतला द्रव पेट घेणारा असतो. आत कोठे शॉर्ट झाले की उष्णता वाढते, त्या उष्णतेने आतल्या रासायनिक क्रिया आणखी भडकतात, त्यांतून आणखी उष्णता. एकदा हे चक्र सुरू झाले की ते बाहेरून थांबवणे कठीण. आपला जुना टॉर्चचा सेल खराब झाला की गळायचा, कपाटात पांढरी बुरशी सोडायचा आणि संपायचा. हा तसा गरीब स्वभावाचा नाही.

वेपमध्ये जो सुटा सेल घालतात त्याला ‘१८६५०’ म्हणतात. हा आकडा म्हणजे त्याचे माप : व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, आणि शेवटचे शून्य तो गोल नळीसारखा आहे हे सांगण्यासाठी. हल्लीच्या चार्जिंगच्या टॉर्चमध्येही बहुधा हाच सेल असतो. माप एकच, म्हणून पुतण्याला वाटले की माल एकच. पायात बसते म्हणून लहान मुलाची चप्पल डोंगर चढायला घालावी, त्यातला हा प्रकार.

पहिला घोळ त्या ९९०० च्या आकड्याचा. ‘एमएएच’ म्हणजे सेलमध्ये किती वीज साठते त्याचे माप. आपल्या हंड्यात किती लिटर पाणी मावते, तसे. १८६५० मापाच्या नळीत नामांकित कारखान्यांच्या चांगल्या सेलची मजल साडेतीन हजारांच्या आसपास जाते. अगदी अलीकडचे काही चार हजारांच्या घरात पोहोचू लागले आहेत. त्यामुळे ज्यावर ९९०० छापले आहे तो सेल खोटा, हे आकड्यावरूनच ठरते. तिप्पट सरस तर नाहीच, पण जो आपल्या पोटाबद्दल खोटे सांगतो तो बाकीच्या गोष्टींत खरा असेल कशावरून? वजनावरूनही अंदाज येतो. खरा सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. बनावट सेल पुष्कळदा हाताला हलके लागतात. काकांनी एखादा सेल शेजारच्या सोनाराच्या काट्यावर ठेवून पाहावा. सोनार हसेल, हसू द्या.

दुसरा घोळ अधिक महत्त्वाचा आणि तो खऱ्या सेलच्या बाबतीतही होतो. हंड्यात पाणी किती मावते आणि तोटीतून ते किती वेगाने सोडता येते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा वेग अँपिअरमध्ये मोजतात. टॉर्चचा दिवा सेलकडून थोडीशीच वीज मागतो. वेपचे वेटोळे घटाघटा पिते. पूर्ण चार्ज झालेल्या सेलचा दाब ४.२ व्होल्ट असतो. वेटोळ्याचा रोध अर्धा ओहम असेल तर भागाकार करा : ८.४ अँपिअर. रोध ०.२ ओहम असेल तर २१ अँपिअर. घरातला दोन हजार वॉटचा गिझर सुमारे ९ अँपिअर ओढतो. दाब निराळा असल्यामुळे ही तुलना ढोबळ आहे, पण बोटभर सेलकडून काय मागितले जाते याची कल्पना यावी. आणि गंमत अशी की एकाच मापात ज्याचा साठा मोठा त्याची धार सहसा लहान असते. साडेतीन हजारांचे चांगले सेल सामान्यतः आठ-दहा अँपिअरपर्यंतच सुखाने देतात. अडीच हजारांचे वीस देऊ शकतात. म्हणजे ग्राहक जो मोठा आकडा बघून हुरळतो, तोच सेल अशा यंत्रात लवकर तापण्याची शक्यता जास्त.

त्या यंत्रांत पुन्हा दोन जाती आहेत. एकीत विजेवर लक्ष ठेवणारी चकती असते. शॉर्ट झाले, सेल फार उतरला किंवा बटण फार वेळ दाबले गेले की ती वीज तोडते. दुसरी जात म्हणजे नुसती धातूची नळी, एक बटण आणि सेल. मध्ये कोणी राखणदार नाही. तिला ‘मेकॅनिकल’ म्हणतात आणि शौकीन मंडळींत तिचा फार तोरा आहे. धूर भरपूर निघतो म्हणे. नळी दोन्हीकडून बंद आणि आत सेल फुटला, तर ती दिवाळीतल्या बाणासारखी सुटते. अमेरिकेत मे २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि जानेवारी २०१९ मध्ये टेक्सासमध्ये वेपचा स्फोट होऊन माणसे दगावली. टेक्सासच्या घटनेत उडालेल्या तुकड्याने मानेतली मोठी रक्तवाहिनी कापली गेली. अशा घटना विरळ आहेत हे खरे, आणि लक्षावधी लोक रोज ही यंत्रे वापरतात हेही खरे. पण राखणदार नसलेली नळी वापरण्याचे मला कोणतेही कारण दिसत नाही. धूर जास्त निघतो हे कारण नव्हे.

तर मग पुतण्याने काय घ्यावे? माझे मत स्पष्ट आहे. ज्यात बॅटरी आतच बंदिस्त आहे, बाहेर काढता येत नाही, तारेने चार्ज होते, असे कमी ताकदीचे साधे यंत्र घ्यावे, आणि ते नाक्यावरच्या हातगाडीवरून न घेता रीतसर दुकानातून घ्यावे. असे केले की सेल कोणता, त्याची धार किती, वेटोळ्याशी तो जुळतो का, वेष्टन फाटले आहे का, ही सारी डोकेदुखी ते बनवणाऱ्या कारखान्याकडे जाते. ती तिथेच राहिलेली बरी. अर्थशास्त्र शिकायला गेलेल्या मुलाने ओहमचा नियम चुकवला तर परीक्षेत काही बिघडत नाही, पण इथे मांडी भाजते. याचे तोटेही सांगतो. चार्ज रोज करावे लागते. वर्ष-दोन वर्षांत बॅटरी थकली की सगळे यंत्रच बदलावे लागते. शौकीन मित्र नावे ठेवतात. हे तिन्ही तोटे परवडणारे आहेत. एकदा वापरून फेकायचे वेप मात्र त्याला आता तिकडे मिळायचे नाहीत. १ जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये त्यांच्या विक्रीला बंदी आहे. त्यांतही असाच लिथियम सेल असतो आणि लोक ते बेधडक कचऱ्यात टाकत.

अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये तर असे सरळ बजावले, की सुटे १८६५० सेल विकत घेऊच नका आणि वापरूही नका. हे सेल कारखान्यात एकत्र जोडून, राखणदार चकतीसह लॅपटॉप-स्कूटरच्या बॅटऱ्यांत बसवण्यासाठी बनलेले असतात. खिशात सुटे घेऊन फिरण्यासाठी ते बनवलेलेच नाहीत.

खिशाची गोष्ट निघालीच आहे. या सेलची रचना पाहा. वरचे टोक धन, आणि खालचे बूड तसेच सगळे अंग ऋण. अंगावर फक्त एक पातळ प्लास्टिकचे वेष्टन असते आणि वरच्या टोकाभोवती कागदासारखी एक चकती. एवढ्यानेच धन आणि ऋण एकमेकांपासून दूर ठेवलेले. आता असा सेल पँटच्या खिशात घाला, सोबत किल्ल्यांचा जुडगा आणि दहा-वीस रुपयांची चिल्लर. किल्लीचे एक टोक वर टेकले, दुसरे फाटक्या वेष्टनाला टेकले, की झाले. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ साली एक अहवाल काढला. २००९ ते २०१६ या काळात माध्यमांत नोंदल्या गेलेल्या वेपच्या आगी-स्फोटांच्या १९५ घटना त्यात तपासल्या आहेत. १३३ माणसे जखमी झाली, त्यांपैकी ३८ गंभीर. आणि या घटना घडल्या केव्हा? ६० ओढत असताना, ४८ चार्ज होत असताना, आणि सर्वांत जास्त, म्हणजे ६१, यंत्र किंवा सुटा सेल नुसता खिशात असताना. माणूस ओढतही नव्हता. दुकानात रांगेत उभा असेल, गाडी चालवत असेल.

सिएटलच्या एका रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१६ साली अशा १५ रुग्णांची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात दिली होती. ऑक्टोबर २०१५ ते जून २०१६ एवढ्या थोड्या काळात एकाच रुग्णालयात आलेले हे रुग्ण. जखमा कोठे, तर चेहरा, हात, मांडी आणि जांघ. खिसा कोठे असतो ते आठवा म्हणजे कारण सांगावे लागणार नाही. बहुतेकांना ज्वाळेने भाजले होते, आणि तिघांतल्या एकाला सेलमधल्या रसायनाने. कळीच्या चुन्याने जसे कातडे निसटते आणि सडत जाते, तशा जातीचे हे भाजणे असते. वरून थोडेसे दिसते आणि आत खोल जाते.

इथे मला आपल्याकडचा प्रश्न मांडायचा आहे, कारण पत्र वाचल्यापासून तोच डोक्यात आहे. इंग्लंडातला मुलगा निदान ते यंत्र टेबलावर ठेवू शकतो. आपल्याकडे बंदी आहे, तरी मोठ्या शहरांत चोरून माल विकला जातो. पुण्या-मुंबईला शिकायला गेलेला मुलगा ते घेतो आणि सुटीत घरी आला की लपवतो. कोठे लपवतो? खिशात. गादीखाली. कपड्यांच्या घडीत. चार्ज करायचे ते रात्री सगळे झोपल्यावर, उशीखाली तार नेऊन, पांघरुणाच्या आत, म्हणजे दिवा दिसू नये. लिथियम सेलला ज्या ज्या जागी ठेवू नये त्या सगळ्या जागा या एका लपवाछपवीत येतात. शिवाय बनावट माल, कारण चोरबाजारात पावती कोण देणार? बंदीने दुकान बंद झाले हे चांगलेच झाले. पण बंदीने ही माहितीही बंद झाली, ते वाईट झाले. कायद्यात निषिद्ध म्हणून शाळा-कॉलेजांत त्याबद्दल कोणी बोलत नाही, आणि घरात बोलले तर फक्त थोबाडीत बसते.

म्हणून पालकांना माझे सांगणे असे. मुलाच्या खोलीत पेनासारखी, पेनड्राइव्हसारखी किंवा छोट्या डबीसारखी चार्ज होणारी अनोळखी वस्तू दिसली तर रागावण्याआधी ती गादीवरून उचलून फरशीवर आणा. मग काय बोलायचे ते बोला. घरात आजी-आजोबा झोपलेले असतात, पाळण्यात मूल असते. व्यसनाचा निकाल दोन दिवसांनी लागला तरी चालेल. ‘बाबा रे, तू ओढतोस हे मला पसंत नाही, पण ते गादीखाली ठेवू नकोस’ असे म्हणणाऱ्या बापाने व्यसनाला परवानगी दिली असे होत नाही. जो मुलगा खिशातली वस्तू बापासमोर टेबलावर ठेवू शकतो, तो उद्या ती सोडण्याबद्दलही विचारू शकेल. त्यासाठी आपल्याकडे मार्ग आहेत. निकोटीनच्या गोळ्या, च्युइंगम, पट्ट्या मिळतात. त्या आपल्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. आणि १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवण्यासाठीचा सरकारी निःशुल्क दूरध्वनी आहे. तिथे मिश्री-गुटखावाल्यांनीही फोन करावा, मज्जाव नाही.

ज्यांची मुले परदेशात सुट्या सेलचे यंत्र वापरतातच आणि बदलायला तयार नाहीत, त्यांनी मुलांना एवढे तरी कळवावे. सुटा सेल नेहमी प्लास्टिकच्या डबीत, तोही एकेकटा. ती डबी फार स्वस्त मिळते. वेष्टनाला नखाएवढीही चीर दिसली तर नवे वेष्टन चढवून घ्यावे किंवा सेल मोडीत द्यावा. चिकटपट्टी लावून भागवू नये. दोन सेलचे यंत्र असेल तर जोडी एकत्र घेतलेली, एकत्र चार्ज होणारी, एकत्र निवृत्त होणारी असावी. एक बैल तरणा आणि एक थकलेला जुंपला की काय होते ते शेतकऱ्याला सांगायला नको. जुन्या लॅपटॉपची बॅटरी फोडून काढलेले सेल वापरू नयेत. चार्जिंग जागेपणी, फरशीवर किंवा दगडी ओट्यावर, कंपनीने सांगितलेल्या चार्जरनेच, आणि भरले की काढून. तिकडच्या कडाक्याच्या थंडीतून आल्या आल्या चार्जिंगला लावू नये. शून्याखालच्या तापमानात चार्ज केल्याने सेल आतून बिघडतो. सेल फुगला, वाकला, उंचावरून पडला किंवा हात लावता येणार नाही इतका तापला, तर त्याची सेवा संपली. आणि भारतात परतताना ते यंत्र तिकडेच ठेवून यावे. आयातीला बंदी आहे, आणि ‘एकच तर आहे’ ही सबब कस्टमवाल्यांपुढे सांगण्यात अर्थ नाही.

यातले पुष्कळसे आपल्या घरच्या टॉर्चला, पॉवर बँकेला आणि डास मारायच्या रॅकेटलाही लागू आहे. मे महिन्यात बंद मोटारीत काचेमागे पॉवर बँक ठेवून लग्नाला जाणारी मंडळी मी दरवर्षी पाहतो. बाद झालेले सेल घरच्या कचऱ्यात किंवा शेकोटीत टाकू नका. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. टोकांवर चिकटपट्टी लावून त्या दुकानात किंवा संकलन केंद्रात द्याव्यात.

आणि दुर्दैवाने खिशात सेल पेटलाच तर? हात घालून तो बाहेर काढू नका, त्यात हात आणि मांडी दोन्ही भाजतात. पँट उतरवा. लाज बाजूला ठेवा, शेजाऱ्यांनी तोंड फिरवावे. सेलचे काळे तुकडे किंवा भुकटी अंगाला चिकटली असेल तर ती कोरड्या फडक्याने किंवा चिमट्याने झटकून टाका. मग भाजलेल्या जागेवर नळाचे साधे गार पाणी वीस मिनिटे सोडा. घड्याळ लावून वीस मिनिटे, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटे वीस वाटतात. बर्फ नको. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, कोरफड यांपैकी काहीही नको. ते खरवडून काढताना रुग्ण दुसऱ्यांदा ओरडतो. डोळ्यात उडाले असेल तर डोळा धुणे आधी. धूर कोंडलेल्या खोलीत थांबू नका, तो विषारी असतो. नंतर स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळून रुग्णालय गाठा. जखम रुपयाएवढीच दिसली तरी जा, आणि ‘लिथियम बॅटरीने भाजले आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा. वेपची लाज वाटून ‘गरम पाणी सांडले’ असे सांगितले तर डॉक्टर तशी मलमपट्टी करतील आणि रसायन आत काम करीत राहील. खरे सांगितले तर ते जखमेवर लिटमस कागद लावून पाहतील, लागेल तेवढे पुन्हा धुतील, धनुर्वाताचे इंजेक्शन देतील. फुटलेला सेल पुरावा म्हणून रुमालात बांधून दवाखान्यात आणू नका. तो तासाभराने पुन्हा पेटू शकतो. अंगणात वाळूच्या बादलीत ठेवा, आणि दाखवायचाच असेल तर मोबाईलवर त्याचा फोटो काढून आणा.